फी भरण्याआधी : पुण्यातील नोकरदार आणि विद्यार्थ्यांसाठी शुल्कसाहाय्य मिळवण्याची सविस्तर पद्धत

शुल्कसाहाय्य हुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कामाचा उलटा क्रम. आधी प्रवेश घ्यायचा, जागा जाईल या धास्तीने फी भरून टाकायची, पावती फाईलला लावायची आणि तीन-चार महिन्यांनी एचआरकडे किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन ‘यातले काही परत मिळते का’ असे विचारायचे, हा पुण्यात सर्रास दिसणारा प्रकार आहे. तोवर कंपनीच्या दृष्टीने पूर्वमंजुरीची वेळ टळलेली असते, महाडीबीटीची, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, मुदत उलटलेली असते आणि पावतीवर सगळी रक्कम ‘एकूण शुल्क’ अशा एकाच ओळीत छापलेली असल्यामुळे त्यातले शिकवणी शुल्क किती, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे या लेखात फी भरण्याआधीच्या कामांना सर्वांत जास्त जागा दिली आहे. नंतरची कामे त्यामानाने सोपी आहेत.

पहिली पायरी : कोणते दार कोणासाठी आहे ते ओळखणे

शिक्षणाला पैसे देणारी दारे पुण्यात पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे. कंपनीचा पैसा नोकरीशी बांधलेला असतो. राज्य शासनाचा पैसा उत्पन्न, प्रवर्ग आणि प्रवेशप्रक्रिया पाहतो. महापालिकेचा पैसा रहिवास आणि गुण पाहतो. कामगार कल्याणाची मंडळे आई-वडिलांची नोंदणी पाहतात. धर्मादाय संस्था गरज पाहतात आणि बँक परतफेडीची शक्यता पाहते. एका कोऱ्या कागदावर या सहा दारांची नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी भराव्यात : साहाय्य शुल्काच्या कोणत्या घटकासाठी आहे, अर्जाची मुदत काय, पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि ते परत करण्याची वेळ कधी येऊ शकते. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि वाद नेमका तिथूनच सुरू होतो.

दुसरी पायरी : कंपनीचे धोरण मिळवून वाचणे

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील आयटी कंपन्यांत हे धोरण बहुधा इंट्रानेटवर ‘टुइशन असिस्टन्स’, ‘हायर एज्युकेशन पॉलिसी’ किंवा ‘लर्निंग सपोर्ट’ अशा नावाखाली असते. चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातील कारखान्यांत मात्र ते एचआर विभागाच्या परिपत्रकात किंवा युनियनशी झालेल्या वेतनकरारात सापडते, आणि तिथे त्याचा भर पुष्कळदा कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीवर असतो. सहकाऱ्याने तोंडी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये. धोरण दरवर्षी बदलू शकते आणि सहकाऱ्याला मिळालेली रक्कम जुन्या धोरणाखालची असू शकते. चालू वर्षाची प्रत मागावी आणि ती तारखेसह जतन करावी.

वाचताना पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत. किमान किती सेवा झाल्यावर अर्ज करता येतो? प्रोबेशनवरील आणि कंत्राटदारामार्फत लागलेले लोक पात्र आहेत का? अभ्यासक्रम सध्याच्या कामाशी निगडित असला पाहिजे, की कंपनीतील पुढच्या पदासाठी उपयोगी असला तरी चालतो? रक्कम टक्केवारीत आहे की ठोक, आणि तिची कमाल मर्यादा आर्थिक वर्षासाठी आहे की संपूर्ण अभ्यासक्रमासाठी? पैसे थेट संस्थेला जातात, की आधी आपण भरून निकालानंतर परत मिळतात? किती गुण किंवा कोणती श्रेणी आवश्यक आहे? एखादा विषय राहिला, तर त्या सत्राची रक्कम जाते की पुनर्परीक्षेनंतर मिळते?

अमेरिकी मालकीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी एक स्पष्टीकरण येथेच करतो. त्यांच्या जागतिक धोरणात ५,२५० डॉलर हा आकडा वारंवार दिसतो. अमेरिकेच्या करसंहितेतील कलम १२७ नुसार मालकाने दिलेल्या शैक्षणिक साहाय्यापैकी वर्षाला तेवढी रक्कम तिथल्या कर्मचाऱ्याला करमुक्त असते, म्हणून तो आकडा तिथे ठरला आहे. पुण्यातील पगारदारावर भारतीय आयकर कायदा लागू होतो आणि त्यात या मर्यादेला काहीही स्थान नाही. भारतासाठी धोरणाचे वेगळे परिशिष्ट असते. तेच मागून घ्यावे.

आता हिशेब कसा पडतो ते एका काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेल्या पावतीवरून पाहू. वार्षिक फी १,६०,००० रुपये आहे. तिचे घटक असे : शिकवणी शुल्क १,२०,०००, विकास शुल्क १५,०००, परीक्षा शुल्क ५,०००, ग्रंथालय व प्रयोगशाळा १०,००० आणि परत मिळणारी अनामत १०,०००. कंपनीचे धोरण ‘शिकवणी व परीक्षा शुल्काच्या ७५ टक्के, वर्षाला कमाल ८०,०००’ असे आहे. म्हणजे पात्र रक्कम १,२५,०००. तिचे ७५ टक्के ९३,७५०. पण मर्यादेमुळे हाती येणार ८०,०००. कर्मचाऱ्याने ‘७५ टक्के मिळतात’ एवढेच ऐकून १,२०,००० रुपयांची आशा धरली असेल, तर ४०,००० रुपयांचा खड्डा त्याला वर्षाच्या शेवटी कळतो. शिवाय परतावा निकालानंतर असेल, तर जूनमध्ये भरलेले १,६०,००० रुपये जवळजवळ वर्षभर स्वतःच्या खिशातूनच गुंतलेले राहतात. त्या काळासाठी क्रेडिट कार्डाचा आधार घेतला तर व्याजातच साहाय्याचा मोठा भाग निघून जातो. म्हणून ‘संस्थेला थेट हप्ता’ हा पर्याय धोरणात नसला तरी लेखी विचारून पाहावा. संस्थेचे मागणीपत्र जोडल्यास काही कंपन्या तो मान्य करतात.

तिसरी पायरी : अभ्यासक्रमाची मान्यता तपासणे

एचआरची पहिली हरकत बहुधा मान्यतेवर येते, आणि ती योग्यही असते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घ्यायची असेल, तर ती संस्था आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत आहे का, ते पाहावे. मान्यताप्राप्त मुक्त व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांच्या पदव्यांबद्दल नाक मुरडणाऱ्या व्यवस्थापकाला ते दाखवता येते. तंत्रशिक्षणाचे तसे नाही. पत्रद्वारे घेतलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच नकार दिला आहे. डिप्लोमा करून कारखान्यात लागलेल्या तरुणांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी लवचीक वेळेच्या तुकड्यांना मान्यता देण्यास सुरुवात केली. पदवी हवी असेल तर अशी तुकडी असलेले महाविद्यालय शोधणे हाच सरळ मार्ग आहे.

खासगी संस्थांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत आणखी एक मेख असते. त्यांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, तर मान्यताप्राप्त पदवीच्या शुल्कावर तो लागत नाही. कंपनीची मर्यादा जीएसटी धरून आहे की वगळून, हे विचारून घ्यावे. ५०,००० रुपयांच्या अभ्यासक्रमावर ९,००० रुपयांचा फरक पडतो.

चौथी पायरी : पूर्वमंजुरीचा अर्ज

हा अर्ज लेखी असावा, आपल्या थेट वरिष्ठांमार्फत जावा आणि त्यावर मंजुरीची तारीख फी भरण्याच्या तारखेच्या आधीची असावी. बहुतेक अर्ज ‘मला शिकण्याची आवड आहे’ यावर भर देतात; मंजुरी देणाऱ्याला मात्र कामाचे वेळापत्रक आणि पैशाचा आकडा पाहायचा असतो. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘महोदय, मी उत्पादन विभागात चार वर्षे कार्यरत आहे. कंपनीच्या उच्च शिक्षण धोरणानुसार मी यंत्र अभियांत्रिकी पदवीच्या नोकरदारांसाठीच्या तुकडीत प्रवेश घेऊ इच्छितो. अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता असून मान्यतापत्राची प्रत सोबत जोडली आहे. वर्ग सायंकाळी ६.३० नंतर व शनिवारी असल्याने पहिल्या पाळीच्या कामावर परिणाम होणार नाही. परीक्षेच्या काळात दुसरी पाळी न मिळावी अशी विनंती आहे. एकूण शुल्क व त्याचे घटक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. धोरणानुसार पात्र रक्कम वर्षाला ८०,००० रुपये होते. प्रवेश निश्चित करण्याची अंतिम तारीख जवळ असल्याने त्यापूर्वी लेखी मंजुरी मिळावी. आपला विश्वासू.’

पाळीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चाकणला शिफ्टमध्ये काम करणाऱ्याचा प्रवेश पैशामुळे जितका अडतो, तितकाच रोस्टरमुळेही अडतो, आणि साहाय्य मंजूर होऊनही उपस्थितीअभावी परीक्षेला बसता आले नाही तर पैसे परत करण्याचे कलम लागू होते. एचआरने ‘हो, करून टाका, बघू’ असे तोंडी सांगितले, तर त्याच दिवशी एक ईमेल पाठवून ते शब्द लेखी नोंदवावेत. तोंडी मंजुरी ही मंजुरी नव्हे.

महाविद्यालयाकडून याच वेळी तीन कागद घ्यावेत : बोनाफाईड प्रमाणपत्र, घटकनिहाय शुल्कपत्रक आणि, शक्य असल्यास, घटकनिहाय पावती देण्याचे आश्वासन. पावतीवर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, शैक्षणिक वर्ष, सत्र, संस्थेचा शिक्का आणि भरणा केल्याचा व्यवहार क्रमांक असला पाहिजे. फी वडिलांच्या खात्यातून भरली गेली, तर काही कंपन्या दावा परत पाठवतात. ती शक्यतो स्वतःच्या खात्यातूनच भरावी.

पाचवी पायरी : बॉन्ड वाचणे, आणि वाचून मगच सही करणे

कंपनीच्या साहाय्याची खरी किंमत इथे ठरते. ‘अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून २४ महिने सेवा सोडणार नाही, सोडल्यास दिलेली रक्कम परत करीन’ असे वाक्य जवळपास प्रत्येक करारात असते. भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम २७ व्यवसाय करण्यावर बंधन घालणारे करार निरर्थक ठरवते, म्हणून बॉन्ड मुळात बेकायदाच असतो, असा एक समज पुण्याच्या आयटी वर्तुळात पक्का आहे. तो चुकीचा आहे. नोकरी चालू असतानाच्या काळाला लागू होणारी, वाजवी रकमेची आणि खऱ्या खर्चाशी जुळणारी अट न्यायालये मान्य करतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती मोडल्यास २ लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. दुसरीकडे, कलम ७४ नुसार करारात कितीही मोठा आकडा लिहिला असला, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देऊ शकते. कंपनीने ८०,००० रुपये दिले आणि करारात ५ लाख लिहिले, तर ते ५ लाख जसेच्या तसे वसूल होतील असे नाही. मात्र ते लढण्यासाठी वकील लावावा लागतो, आणि तोवर रिलीव्हिंग लेटर अडकून बसते. त्यापेक्षा सहीआधी कलम सुधारून घेणे शहाणपणाचे.

सुधारणा प्रामुख्याने तीन ठिकाणी मागावी. पहिली, परतफेड सेवेच्या प्रमाणात कमी होत जावी. समजा एकूण साहाय्य १,८०,००० रुपये, बॉन्ड २४ महिन्यांचा आणि कर्मचाऱ्याने १५ महिन्यांनी राजीनामा दिला. सरसकट कलम असेल तर १,८०,००० परत करावे लागतात. प्रमाणशीर कलम असेल तर उरलेल्या ९ महिन्यांचे ६७,५०० रुपयेच. दुसरी सुधारणा, मुदत कधीपासून मोजायची याची. प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून मोजली तर पहिल्या वर्षाचा बोजा पदवी हातात पडेपर्यंत बहुतांशी उतरलेला असतो. अभ्यासक्रम संपल्यापासून मोजली तर तीन वर्षे शिक्षण आणि दोन वर्षे बॉन्ड मिळून माणूस पाच वर्षे एकाच जागी बांधला जातो. तिसरी, कंपनीने स्वतःहून कामावरून कमी केले, विभाग बंद केला किंवा दुसऱ्या शहरात बदली केली, तर परतफेड माफ असावी. हे शेवटचे वाक्य मसुद्यात आपोआप क्वचितच असते आणि मागितल्यावर बऱ्याचदा मिळते, कारण त्याला नाही म्हणायला कंपनीकडे चांगले कारण नसते.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रे कंपनीकडे ‘सुरक्षित’ ठेवायला देऊ नयेत, आणि रक्कम न भरलेला, सही केलेला धनादेश देऊ नये.

सहावी पायरी : कराचा हिशेब

कर्मचाऱ्याच्या कामाशी संबंधित प्रशिक्षणावर कंपनीने केलेला खर्च त्याच्या पगारात लाभ म्हणून धरला जात नाही. पण कर्मचाऱ्याने स्वतः घेतलेल्या पदवीची फी, जी मुळात त्यालाच भरायची होती, ती कंपनीने भरली किंवा परत केली, तर ती करपात्र लाभ म्हणून फॉर्म १६ मध्ये येऊ शकते. दोन्हींमधली रेघ पेरोल विभाग आखतो. म्हणून मंजुरीपत्रात ‘कामासाठी आवश्यक प्रशिक्षण’ असा उल्लेख आहे की ‘कर्मचारी कल्याण’, हे पाहावे आणि टीडीएस कापला जाणार का, हे लेखी विचारावे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला ८०,००० पैकी २४,००० आणि वर उपकर एवढी रक्कम करातच जाऊ शकते.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना कलम ८०सी खाली दोन मुलांपर्यंतच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शिकवणी शुल्क दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजा करता येते. स्वतःच्या शिक्षणाची फी, विकास शुल्क आणि देणगी त्यात बसत नाहीत. शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट मात्र स्वतःच्या, पती-पत्नीच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी, कमाल मर्यादेविना, आठ वर्षांपर्यंत मिळते. ती जुन्या कायद्यातील कलम ८०ई ची. नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएशी बोलताना जुना क्रमांक सांगितला तरी त्याला कळेल, १ एप्रिल २०२६ नंतरच्या उत्पन्नाच्या विवरणपत्रात मात्र नवा लागेल.

पगाराच्या चिठ्ठीत दडलेले साहाय्य

जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात ‘एलडब्ल्यूएफ’ नावाची २५ रुपयांची कपात दिसते. ती महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी आहे. मालक त्यात ७५ रुपये घालतो. या निधीतून कामगार कल्याण मंडळ वर्गणीदार कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि इतर शैक्षणिक साहाय्य देते. पुण्यातील हजारो पगारदार वर्षानुवर्षे ही कपात पाहतात आणि ती कशासाठी आहे हे विचारत नाहीत. रक्कम फार मोठी नसते, पण पुस्तकांचा खर्च निघतो. कपातीची नोंद असलेले पगारपत्रक आणि आस्थापनेचा निधीतील क्रमांक एवढे जवळ ठेवून परिसरातील कामगार कल्याण केंद्रात चौकशी करावी.

इमारत बांधकाम कामगारांच्या मंडळाची मदत याहून बरीच भरघोस आहे. नोंदणीकृत कामगाराच्या दोन मुलांपर्यंत अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी वर्षाला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणासाठी १ लाख रुपये मिळतात. त्यासाठी मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र आणि नोंदणीचे वेळेवर नूतनीकरण लागते. वाघोली, मोशी, बाणेर भागातील प्रकल्पांवरच्या गवंडी, फरशीवाले, रंगारी यांची मुले आता महाविद्यालयात पोहोचली आहेत. नूतनीकरण राहिल्यामुळे हा हक्क जाऊ देऊ नये. मुकादमाच्या नावाने फिरणाऱ्या एजंटांना मात्र पैसे देऊ नयेत.

खडकी, देहूरोड, लष्करी आस्थापना आणि इतर केंद्रीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना बालशिक्षण भत्ता मिळतो. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यामुळे जानेवारी २०२४ पासून तो दरमहा प्रत्येक मुलामागे २,८१२.५० रुपये झाला. तो दोन मुलांपर्यंत, बारावीपर्यंत आणि वर्षातून एकदा मागायचा असतो. शाळेच्या मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र पुरते.

विद्यार्थ्यांसाठी : महाडीबीटी आणि त्यामागची कागदपत्रे

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, इतर प्रवर्गांच्या सवलती न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मे शिकवणी शुल्क देते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, त्याच उत्पन्नमर्यादेत शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असल्यास फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे.

पुण्यात या योजनांचा मोठा सापळा महाविद्यालयाच्या दर्जात आहे. शुल्कसवलत केंद्रीभूत प्रवेशफेरीतून झालेल्या प्रवेशाला मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला मिळत नाही. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित खासगी विद्यापीठे मुलींच्या शुल्कमाफीतून वगळलेली आहेत. अडचण अशी की एकाच शिक्षणसंस्थेच्या एकाच आवारात, एकाच कमानीखाली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठाचा विभाग शेजारीशेजारी असू शकतात. नाव जवळपास सारखेच, फी वेगळी आणि सवलत एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. पर्याय भरताना सीईटी कक्षाच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या यंत्रणेच्या) यादीतील महाविद्यालयाचा सांकेतिक क्रमांक आणि त्याचा दर्जा वाचावा. कमानीवरची पाटी पाहून ठरवू नये.

कागदपत्रांची तयारी बारावीच्या निकालाआधीच सुरू करावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, रेशनकार्ड हे सगळे ‘आपले सरकार’ किंवा सेतूतून निघते, पण जुलैमध्ये तिथे रांग लागते. बँक खात्याबाबत एक बारीक गोष्ट आहे. शासनाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत; ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्येच कोणी एखाद्या पेमेंट बँकेत खाते उघडताना आधार जोडले असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते आणि विद्यार्थी सहा महिने ‘पैसे आले नाहीत’ म्हणून कार्यालयाच्या चकरा मारत राहतो. आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

अर्ज भरल्यावर तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो आणि मग विभागाकडे. त्रुटी असल्यास तो परत येतो आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करावा लागतो. मोबाईलवरील संदेशाची वाट न पाहता आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून पाहावे. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा असतो. तो आपोआप होत नाही.

पुणे महापालिका हद्दीतील रहिवाशांसाठी दोन योजना आहेत. दहावीनंतर भारतरत्न मौलाना अबुल कलाम आझाद शिष्यवृत्ती १५,००० रुपयांची आणि बारावीनंतर साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे शिष्यवृत्ती २५,००० रुपयांची. खुल्या प्रवर्गासाठी ८० टक्के, मागासवर्गीय तसेच महापालिका व रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के आणि ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ६५ टक्के गुण लागतात. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, तिच्या योजना वेगळ्या. वाकड आणि बालेवाडी यांच्यात पुलाचेच अंतर असले तरी अर्ज दोन वेगवेगळ्या ठिकाणी करायचे असतात.

बाहेरगावाहून आलेल्यांना फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च जड जातो. एकेकाळी पुण्यात वार लावून आणि माधुकरी मागून मुले शिकली. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह म्हणून सुरू झालेले पुणे विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती या त्याच गरजेतून उभ्या राहिलेल्या संस्था. समितीच्या वसतिगृहांचे प्रवेश निकालानंतर लगेच, मुलाखत घेऊन होतात. त्यामुळे चौकशी मे महिन्यातच करावी. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना संलग्न महाविद्यालयांत चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी तासावर मानधन मिळते. त्यातून फी भरली जात नाही, पण मेसचा हप्ता सुटतो.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज

कर्ज हा शेवटचा पर्याय ठेवावा आणि वरची सगळी दारे ठोठावून उरलेल्या रकमेपुरतेच घ्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि अन्य शिष्यवृत्ती न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण सुरू असेपर्यंत आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याजसवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, एवढे आधी पाहावे.

एकाच पावतीवर दोन दावे

शासनाने निम्मे शिकवणी शुल्क दिले असेल, तर कंपनीकडे उरलेल्या निम्म्याचाच दावा करता येतो. मूळ पावती कंपनीला देऊन तिची छायाप्रत महाडीबीटीला लावली आणि दोन्हीकडून पूर्ण रक्कम घेतली, तर ती सवलत राहत नाही, फसवणूक ठरते. नोकरीवर बेतू शकते. राज्याच्या अनेक योजनांत अन्य शिष्यवृत्ती घेत नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, तेही न वाचता सही करू नये. आई किंवा वडिलांच्या कंपनीकडून मुलांसाठी मिळणारी रक्कम ‘गुणवत्ता पारितोषिक’ असेल तर सहसा अडचण येत नाही. ती ‘शुल्क प्रतिपूर्ती’ असेल तर येते. मंजुरीपत्रातील शब्द पाहून ठरवावे आणि शंका असेल तिथे दोन्ही कार्यालयांना लेखी कळवावे.

प्रवेश रद्द करावा लागला तर

नोकरीतील बदली किंवा आजारपण यामुळे प्रवेश सोडण्याची वेळ आलीच, तर तारखेला महत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी माघार घेतल्यास, प्रक्रिया शुल्क वजा जाता, पूर्ण फी परत मिळते. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर काहीही नाही. अनामत मात्र पूर्ण परत मिळाली पाहिजे. काही वर्षी आयोग याहून उदार तारीख जाहीर करतो, आणि सीईटी कक्षामार्फत झालेल्या व्यावसायिक प्रवेशांना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील रद्दीकरणाची तारीख लागू होते. अर्ज कार्यालयात देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. परत आलेल्या फीपैकी कंपनीने दिलेला भाग पेरोलला लेखी कळवून परत करावा, बॉन्ड रद्द झाल्याचे पत्र मागावे आणि ते फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा अंतिम हिशेब, होईपर्यंत जपून ठेवावे.